दुसरा द्रोण

ताई,

मॉनिटरचं पोट बिघडलंय.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. या दिवसांत कोण कोण येऊन गेलं, कुणाला रडू आवरलं नाही, कोण चहा घेऊन लगेच निघालं, हे सगळं तुला सांगण्यासारखं आहे. पण तू असतीस तर हात वर करून म्हणाली असतीस, "ते नंतर. आधी कुत्र्याचं सांग." म्हणून आधी कुत्र्याचं सांगतो. काल संध्याकाळपासून तीनदा पातळ झालंय. उलटी नाही. पाणी पितोय. झोपायला अजून तुझ्या बंद दाराशीच जातो, सकाळी मात्र माझ्याबरोबर खाली उतरला.

कारण सापडलंय. परवा कोळीवाड्यातली हिरा भेटायला आली होती. तुझ्या दारात तीस वर्षं मासळीची टोपली उतरवली तिने, आणि परवा पहिल्यांदा टोपलीशिवाय आली. म्हणजे मला तसं वाटलं. नंतर कळलं की पिशवी होती. काल मी तिला फोन करून विचारलं तर म्हणाली, "भाऊ, चार दिस त्यानं तोंडान काय घातला नाय. मना बगवला नाय. थोरी मांदेली दिली रं, जास्त नाय." आता यावर काय रागावणार? कुत्रं उपाशी आहे हे घरात माझ्याआधी तिच्या लक्षात आलं.

सुमन म्हणाली, "एवढ्याशा मांदेलीने काही होत नाही. एक वेळ उपाशी ठेवा त्याला." मी म्हटलं, "डॉक्टरकडे नेऊ या." ती म्हणाली, "ताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?" तिथे आम्हा नवरा-बायकोचा वाद अडला. नऊ वर्षं या कुत्र्याच्या पोटाचा निकाल तू दिलास. आम्ही नुसते वाद घालत होतो.

मग मी तुझी किल्ली घेतली आणि एक मजला उतरून तुझ्या घरात गेलो. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. त्याआधी तुझ्याशी एक बोलायचं आहे, पाच वर्षं राहून गेलेलं. ते बोलल्याशिवाय तुझं कुलूप उघडताना मला चोरासारखं वाटलं.

पण माझी सवय तुला माहीत आहे. अवघड गोष्ट सांगायची असली की मी आधी इकडचं तिकडचं बोलतो. तेवढं चालवून घे.

मॉनिटर हे नाव तुझंच. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत मुठीएवढं पिल्लू सापडलं आणि आठवड्याभरात ते रोज सकाळी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येक दार हुंगून खाली यायला लागलं. तू दारात उभी राहून बघत होतीस. म्हणालीस, "हजेरी घेतोय मेला. मॉनिटर आहे हा." पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारलं, हा कुत्रा नक्की कुणाचा? तू म्हणालीस, "झोपायला माझा, फिरायला बाळूचा, आणि चावला तर सोसायटीचा." तो कधी चावला नाही, त्यामुळे शेवटचा भाग तपासायची वेळ आली नाही.

आणि ते कॅलेंडर. फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेलं. दरवर्षी नवं आणायचीस आणि जुनं न काढता त्याच्यावरच अडकवायचीस, त्यामुळे तो गठ्ठा भिंतीपासून चांगला बोटभर पुढे आला होता. गॅस कधी लावला, पाणी कुठल्या दिवशी येणार नाही, डोळ्याचे थेंब कधी संपले, सगळं त्या चौकोनांत. आणि लाल पेनने मॉनिटरची रोजची श्रेणी. मी त्याला फिरवून आणलं की तू दारातूनच विचारायचीस, "काय आज?" मी म्हणायचो, "ब." "नक्की ब? की उगाच ब?" बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस मी, रोज सकाळी कोपरीच्या रस्त्यावर वाकून कुत्र्याच्या शीचं परीक्षण करायचो आणि घरी येऊन वर्गशिक्षिकेला निकाल सांगायचो. अ म्हणजे उत्तम. ब म्हणजे ठीक. क म्हणजे लंघन. ड म्हणजे डॉक्टर.

आपलं भांडण नेहमी क आणि ड यांच्या मधल्या जागेत व्हायचं.

मी पळणारा. कुत्र्याने गवत खाऊन पिवळी उलटी काढली की मी चपला घालून रिक्षा थांबवायला निघालेलो असायचो. एकदा तर तू अंघोळीला गेलेली बघून त्याला घेऊन गेलोही. दवाखान्यात पोचेपर्यंत हा रिक्षातून तोंड बाहेर काढून मजेत, आणि टेबलावर ठेवल्या ठेवल्या त्याने डॉक्टरांच्या डब्यातलं बिस्किट उचललं. सायली डॉक्टर हसून म्हणाल्या, "काका, हा पेशंट आहे की पाहुणा?" घरी आल्यावर तू लाल पेन उचललंस. नुसतं कॅलेंडरवर लिहिलंस, "बाळू: ड. कुत्रा: ब." ते महिनाभर भिंतीवर होतं आणि येणारा-जाणारा वाचत होता.

तुझी पद्धत वेगळी. तू आधी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचीस. पाण्याचं भांडं पुढे करायचीस, पितोय का बघायला. प्यायलेलं टिकतंय का तेही बघायचीस. ओठ वर करून हिरड्यांना बोट लावायचीस; ओल्या आणि गुलाबी असल्या की तुझा चेहरा सैल व्हायचा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायचीस, झटकन जागेवर गेली की "हं" म्हणायचीस. पोट दाबून बघायचीस, फुगलंय का, दुखतंय का. मग मला विचारायचीस, "शू केली का? कुठे?" आणि हे सगळं ठीक असलं की एक वेळ लंघन, पाणी चालू, मग मऊ भाताची पेज, मीठ-मसाला काही नाही, दुसऱ्या दिवशी त्यात उकडलेल्या कोंबडीचे दोन तुकडे. बहुतेक वेळा चोवीस तासांत गाडी ब वर यायची. आणि तू माझ्याकडे बघायचीस. फक्त बघायचीस. त्यापेक्षा बोलली असतीस तर बरं झालं असतं.

एकदा मात्र तू माझ्यावर खरोखर ओरडलीस. मी माझ्या औषधाच्या डब्यातली जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून त्याला द्यायला निघालो होतो. तू माझं मनगट धरलंस. "माणसाची गोळी त्याला? डॉक्टरांना न विचारता? बाळ्या, तुझं वय काय?" माझं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. बाळ्या मात्र तू मला चाळीस वर्षांनी म्हणालीस.

अंतिम निकाल लागला नाही तो वाद हाच, की घाई बरी की धीर बरा. तू म्हणायचीस, आधी बघ आणि मग पळ. मी म्हणायचो, पळता पळता बघता येतं. दर वेळी तुझं खरं ठरायचं. एक वेळ सोडून. आणि त्या वेळीही माझं खरं ठरलं असं नाही. त्या वेळी मी पळालोच नव्हतो.

आता येतो तिथे.

पाच वर्षांमागची सव्वीस जानेवारी. सकाळी झेंडावंदन, मग पार्किंगमध्ये सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, आणि प्रसादाचा शिरा तुझा. सव्वाच्या मापाने, केळं घालून, तूप सुटेपर्यंत हलवलेला, आणि बेदाणे इतके की मुलं रांगेत दोनदा उभी राहायची. कुणी म्हणालं, ताई, बेदाणे जरा जास्त झालेत, की तू म्हणायचीस, "देवाच्या कामात हात आखडता घ्यायचा नसतो." आरती झाल्यावर तू पहिला द्रोण देवापुढचा उचललास, दुसरा गुरुजींना, आणि मग एक खाली मॉनिटरसमोर ठेवलास. आलेल्याने प्रसाद न घेता जायचं नाही, मग तो दोन पायांचा असो नाहीतर चार. सगळे हसले. त्याने तो दोन घासांत संपवला. तू मला म्हणालीस, "बाळू, आता याला काही द्यायचं नाही हं. तुपकट आहे. एक बास."

मी हो म्हटलं.

दुपारी चारला तू वर जाऊन आडवी झालीस. आम्ही तिघं-चौघं खुर्च्या आणि सतरंजी आवरत होतो. पातेल्याच्या तळाशी बराच शिरा उरला होता, बेदाणे त्यातच बसलेले. मॉनिटर माझ्यासमोर बसला आणि बघायला लागला. तो कसा बघतो ते तुला सांगायला नको. मी एक द्रोण भरला. चांगला दाबून, शिगोशीग. त्याने खाल्ला, मी द्रोण कचऱ्याच्या पिशवीत खाली दडपला, वरून केळीची पानं टाकली. म्हणजे बघ, चूक करतोय हे मला कळत होतं. तुपाचं कळत होतं. बेदाण्यांचं आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तू विचारलंस, "तू काही दिलंस का त्याला?" मी म्हटलं, "नाही गं." किती सहज म्हटलं. लहानपणी तुझ्या कंपासमधली पेन्सिल घेतल्यावर म्हणायचो तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. अकरापर्यंत चार. पोटही गेलं होतं. तुझ्या दिवाणाखाली जाऊन पडला, हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हलवलं. तू नेहमीप्रमाणे खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, "शिरा जड झाला असेल. लंघन करू या, दुपारपर्यंत बघू."

आणि मी, एका उलटीला रिक्षा थांबवणारा मी, म्हणालो, "हो, बघू या दुपारपर्यंत."

का, ते सांगतो. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार होत्या, की काय खाल्लं? आणि तू माझ्या शेजारी उभी असणार होतीस. बस्स, एवढंच. पासष्टीच्या बहिणीसमोर साठीच्या माणसाला एक द्रोण कबूल करवेना, म्हणून ते कुत्रं दिवाणाखाली पडून राहिलं. मी मनात म्हणत होतो, होईल बरा, नेहमी होतो. ताईचं नेहमी खरं ठरतं.

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं तू जरा जास्तच वेळ बघितलंस. मग पाण्याचं भांडं पुढे केलंस, त्याने प्यायलं आणि लगेच बाहेर काढलं. हिरड्यांना बोट लावलंस. "चिकट लागतायत," म्हणालीस. "सकाळी शू केली त्याने?" मी आठवलं. गेटजवळच्या त्या गंजक्या स्कूटरवर तो रोज पाय वर करतो. त्या दिवशी हुंगूनही बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही." तू खुर्चीवरून उठलीस, साडी न बदलता चपला घातल्यास. "चल. रिक्षा बघ."

मी म्हटलं, "तू दुपारपर्यंत म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. आता नाही म्हणत."

दवाखान्यात सायली डॉक्टरांनी विचारलंच. तू म्हणालीस, "घरचंच खाल्लंय. दहीभात." अजून? "काही नाही." बाहेरचं कुणी काही दिलं असेल, काल सुट्टी होती? "बाहेरचं नाही हो. काल फक्त प्रसाद."

डॉक्टरांचा हात थांबला. "कसला प्रसाद, आजी?"

"शिरा."

"बेदाणे होते त्यात?"

"भरपूर," तू म्हणालीस, आणि त्याही परिस्थितीत तुझ्या आवाजात थोडा अभिमान होता. मग त्यांचा चेहरा बघितलास आणि तो गेला.

त्यांनी समजावून सांगितलं. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांच्या किडनीवर जातात. कुणाला थोड्याने होतं, कुणाला जास्तीनेही होत नाही, आधी सांगता येत नाही, म्हणून थांबून बघायचं नसतं. खाल्ल्या खाल्ल्या आणलं असतं तर पोटातून काढता आलं असतं. आता सलाईन, रक्ताची तपासणी, आणि शू होते का यावर लक्ष. "तुम्ही संध्याकाळपर्यंत लंघन केलं असतं ना, तर अवघड होतं." मग तुझा उतरलेला चेहरा बघून त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं लंघन चुकीचं नाही. मोठ्या कुत्र्याला एक वेळ चालतं, पिल्लाला नाही. पण सारख्या उलट्या, पाणी टिकत नाही, असा मलूल, रक्त पडलं, किंवा नको ते खाल्लंय, यातलं काहीही असलं की घरी बसायचं नाही. आणि काय खाल्लं ते पूर्ण सांगायचं. प्रसाद म्हणजेही खाणंच."

"किती खाल्ला?" त्यांनी विचारलं.

तू म्हणालीस, "एक द्रोण." क्षणभर थांबलीस. "नाही. दोन. दोन द्रोण लिहा. मीच दिले."

तेव्हा मला वाटलं, घाबरून तू दुप्पट सांगतेयस. वाटलं म्हणण्यापेक्षा, मी तसं वाटून घेतलं. मी भिंतीवरचं जंताच्या औषधाचं पोस्टर वाचत होतो. अजून पाठ आहे मला ते.

तीन दिवस तो तिथे होता. सकाळी जायचो, संध्याकाळी आणायचो, परत सकाळी. तू त्याच्याशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहायचीस, सलाईनचा पाय हलू नये म्हणून धरून. वर्गावर असल्यासारखी त्याला सांगायचीस, "शू कर. एवढं एक काम कर, बाकी काही मागत नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सायली डॉक्टरांच्या फरशीवर केली, चांगली लांबलचक, आणि तू टाळ्या वाजवल्यास. खरोखर टाळ्या! मांजर घेऊन आलेली एक मुलगी दचकली. तू तिला सांगितलंस, "अगं, याला झाली." ती बिचारी म्हणाली, "ओके, काँग्रॅट्स." मला तेव्हा रडू आलं आणि मी बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. वाचला तो, ताई. तू वाचवलास. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर पुढचं वाक्य आलं असतं.

पुढच्या वर्षापासून सोसायटीच्या शिऱ्यात बेदाणे बंद झाले. तू सूचना-फलकावर स्वतःच्या अक्षरात लिहिलंस: "प्राण्यांना प्रसाद देऊ नये. प्रसाद हेही खाणे आहे." लोकांनी तुझी गंमत केली. तिसऱ्या मजल्यावरचे काका दर वर्षी द्रोण हातात घेऊन म्हणायचे, "काय ताई, तुम्ही दोन-दोन द्रोण चारले कुत्र्याला, आणि शिक्षा आम्हाला?" तू म्हणायचीस, "हो, माझीच चूक. काजू घातलेत जास्त, खा." आणि मी तिथे उभा असायचो. हातात द्रोण. बिनबेदाण्याचा.

तेव्हापासून तुझ्या तपासणीत एक प्रश्न वाढला. भांडं, हिरड्या, कातडी, पोट, शू, आणि त्या सगळ्याच्या आधी, "खरं सांगा, काय दिलंत?" सगळ्यांना विचारायचीस. सुमनला, हिराला, वॉचमनला. मलाही. मी त्यानंतर दर वेळी खरं सांगितलं, अर्धी पोळी सुद्धा सांगितली. फक्त ते एक मागचं राहिलं.

तर, ताई, तो दुसरा द्रोण माझा होता. मी दिला, मी लपवला, आणि दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलो. गप्प बसणं हे त्यातलं सगळ्यात वाईट. झालं सांगून.

आता तुझ्या स्वयंपाकघरात काय झालं ते.

मी गेलो होतो तुझ्या कॅलेंडरवर बघायला, की अशा पातळ पोटाला तू किती तास लंघन द्यायचीस आणि पेज कधी सुरू करायचीस. घर बंद असल्यासारखं वाटलं नाही. तुझ्या खोबरेल तेलाचा वास अजून आहे. मॉनिटर माझ्यामागून आत आला, दिवाणाखाली बघून आला, आणि फ्रिजपाशी बसला. कॅलेंडरवर तू गेलीस त्या दिवसापर्यंत श्रेणी आहेत. त्या सकाळीही अ आहे. मी वर आणून दिला, तू विचारलंस, मी अ म्हटलं, तू लिहिलंस, चहा घेतलास, आणि तासाभरात खुर्चीतच गेलीस. शेवटची नोंद अ आहे, हे मला फार बरं वाटलं. का ते विचारू नकोस.

मग मी खालची कॅलेंडरं उलटत गेलो. क कधी, पेज कधी, ते शोधत. आणि पाच वर्षांमागचं जानेवारीचं पान आलं.

सव्वीसच्या चौकोनात: "पूजा. शिरा छान. मॉ. १ द्रोण, मी." सत्तावीसच्या चौकोनात तुझं अक्षर इतकं बारीक झालंय की मी चष्मा पुसून वाचलं: "ड. उलट्या ४. बाळू डॉक्टर म्हणत नाही. म्हणजे यानेही दिलाय आणि गंभीर आहे. लगेच निघायचं."

खुर्चीवरून तू का उठलीस ते मला पाच वर्षांनी कळलं. तू हिरड्या बघितल्यास, पाणी बघितलंस, शू विचारलीस, पण त्याआधी तू मला बघितलं होतंस. मी पळत नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे तुला माझ्यापेक्षा आधी कळलं. तू मला नापास करून कुत्र्याला वाचवलंस, आणि माझे गुण कुणाला दाखवले नाहीस.

अठ्ठावीसला नुसतं: "शू झाली!!" बाजूला लाल चांदणी.

आणि एकोणतीसला, त्याला कायमचा घरी आणला त्या दिवशी: "बाळूला विचारायचं नाही. सांगेल तेव्हा सांगेल."

मी तुझ्या ओट्याला टेकलो. लाज वाटत होती असं म्हणेन, आणि ते खरंही आहे, पण त्याच्याबरोबर हसूही येत होतं. पाच वर्षं तू रोज सकाळी दारात उभी राहून "काय आज?" विचारत होतीस, आणि मला वाटत होतं की तू फक्त कुत्र्याचं विचारतेयस.

मग तुझी खुर्ची ओढली आणि मॉनिटरसमोर बसलो. पाण्याचं भांडं पुढे केलं, प्यायला, टिकलं. हिरड्या ओल्या. कातडी झटकन बसली. पोट दाबू दिलं, वर हात चाटला. सकाळी त्या स्कूटरवर पाय वर केला होता, मी स्वतः बघितलं. काय खाल्लं ते हिराने पूर्ण सांगितलंय, मी परत परत विचारून घेतलंय, मोजून सहा मांदेल्या. दुपारी पेज दिली, थोडी. अजून हवी म्हणून भांडं सरकवत माझ्या पायापर्यंत आणलं. तुझं लाल पेन दोरीलाच आहे. आजच्या चौकोनात मी "क" लिहिला. माझं अक्षर तुझ्याशेजारी फार वाईट दिसतं.

सुमन वैतागलीय. म्हणते, किती वेळा तेच? सायली डॉक्टरांना दोनदा फोन झाला, त्याही म्हणाल्या की काका, सध्या बघा, उलटी झाली किंवा मलूल वाटला तर लगेच आणा. तरी मी मघाशी चपला घालून दारात उभा होतो. सकाळपासून पाच वेळा म्हणून झालंय माझं, डॉक्टरकडे नेऊ या, डॉक्टरकडे नेऊ या.

तेव्हा तू काळजी करू नकोस, ताई. मी डॉक्टर म्हणतोय.